विश्लेषण : कर्ज फेडले, तरी ‘सिबिल’ खराब कसे? पत अहवालातील चूक शोधायची कशी, दुरुस्त कोणाकडून करून घ्यायची?

कर्ज फेडून तीन वर्षे झाली, बेबाकी दाखला घरच्या कपाटात आहे. तरीही गृहकर्जाचा अर्ज घेऊन गेल्यावर बँकेतील अधिकारी संगणकाच्या पडद्याकडे पाहून सांगतो, ‘तुमचे सिबिल खराब आहे.’ का खराब, कधीपासून, कोणत्या कर्जामुळे, यांपैकी कशाचेही उत्तर त्याच्याकडे नसते. शहरात घर घेणाऱ्या नोकरदारापासून ट्रॅक्टरसाठी कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत अनेकांना हा अनुभव येतो. रिझर्व्ह बँकेने गेल्या काही वर्षांत या चुकांच्या दुरुस्तीला मुदत घातली, मुदत चुकली तर दिवसाला दंड लावला आणि अहवाल पाहिला गेला की ग्राहकाला संदेश पाठवणेही बंधनकारक केले. मात्र हे सगळे सुरू होते ते ग्राहकाने स्वतः चूक पकडून लेखी तक्रार केल्यावरच.

‘सिबिल’ म्हणजे नेमके कोण?

सिबिल ही सरकारी संस्था नाही आणि ती कोणाला कर्ज देत किंवा नाकारतही नाही. २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड’ या कंपनीच्या नावाचे ते लघुरूप. आज ही कंपनी ‘ट्रान्सयुनियन सिबिल’ या नावाने ओळखली जाते. देशात अशा एकूण चार पतमाहिती कंपन्या आहेत. उरलेल्या तीन म्हणजे एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. पतमाहिती कंपन्यांसाठीचा कायदा २००५ मध्ये संमत झाला, त्यानुसार त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते. बँका, सहकारी बँका आणि बिगर बँक वित्तसंस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चारही कंपन्यांना पाठवतात. २०१५ पासून कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेला चारही कंपन्यांचे सदस्यत्व घ्यावेच लागते.

म्हणजे एका माणसाच्या पतीच्या नोंदवह्या एक नव्हे, चार आहेत. सिबिलमध्ये सगळे स्वच्छ दिसत असले, तरी बँकेने दुसऱ्या कंपनीचा अहवाल मागवला आणि त्यात जुनी चूक तशीच असली, तर अर्ज तिथेच अडतो.

गुणांक आणि अहवाल यांत फरक काय?

बोलण्यात दोन्हीला ‘सिबिल’च म्हणतात, पण तक्रार करताना हा फरक ठाऊक असावा लागतो. ३०० ते ९०० मधला आकडा म्हणजे पतगुणांक. तो कंपनीच्या गणिती सूत्रातून निघतो. अहवाल म्हणजे ज्या नोंदींवर हे गणित चालते त्या नोंदी : कोणते कर्ज, किती, कधी घेतले, कोणत्या महिन्यात हप्ता उशिरा आला, खाते चालू आहे की बंद. गुणांक कमी का आला, सूत्र असे का, अशी तक्रार भरपाईच्या नियमात बसत नाही. नोंद चुकीची आहे, ही तक्रार बसते. त्यामुळे ‘माझा स्कोअर वाढवा’ असा अर्ज केला तर उत्तर नकाराचेच येणार. ‘अमुक क्रमांकाचे वाहन कर्ज मार्च २०२२ मध्ये फेडले असूनही चालू दिसते’ अशी तक्रार मात्र कोणालाही बाजूला सारता येत नाही.

चूक शिरते कोठून?

बहुतेक वेळा चुकीचे मूळ कर्ज देणाऱ्या संस्थेत असते. शेवटचा हप्ता भरला, पण शाखेने खाते बंद केल्याची नोंद मुख्य यंत्रणेत केलीच नाही. हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे होते, पण स्वयंचलित वजावट बँकेच्याच तांत्रिक अडचणीने फसली आणि उशिराचा शिक्का ग्राहकावर बसला. कर्ज पूर्ण फिटले, फक्त शे-दोनशे रुपये दंडव्याज शिल्लक दाखवले गेले आणि त्यावर वर्षानुवर्षे थकबाकी चढत राहिली.

दुसरा मोठा स्रोत बँकांच्या विलीनीकरणाचा. एप्रिल २०१९ मध्ये देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. एप्रिल २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या. कर्ज खात्यांचे क्रमांक बदलले, शाखा बंद झाल्या किंवा हलल्या. अशा वेळी जुन्या बँकेच्या नावाने एक आणि नव्या बँकेच्या नावाने दुसरी, अशी एकाच कर्जाची दोन खाती अहवालात दिसू शकतात. थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले गेले असेल तर त्यातही हाच घोळ होऊ शकतो. जुनी बँक आता अस्तित्वात नाही, म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. तिची जबाबदारी ज्या बँकेकडे गेली, तिच्याकडेच तक्रार करायची.

तिसरे कारण नावाचे. एकाच जिल्ह्यात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि वडिलांचेही नाव सारखे असलेले दोन पाटील किंवा दोन शिंदे सापडणे महाराष्ट्रात अवघड नाही. त्यात पॅन क्रमांक टंकताना एक अक्षर चुकले, की एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत उलटे घडते. माहेरच्या नावाने नियमित फेडलेले कर्ज एका नोंदीत राहते आणि सासरच्या नावाची नोंद कोरी दिसते.

आणि एक कारण असे, ज्याला चूक म्हणता येत नाही. मेव्हण्याच्या किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेल्याच्या अहवालात ते कर्जही दिसते आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की त्याचा डाग जामीनदारावरही पडतो. ‘फक्त सही केली होती’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

अहवाल मोफत मिळतो का?

मिळतो. जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा गुणांकासह संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. कंपन्या चार, त्यामुळे वर्षाला चार मोफत अहवाल. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा अहवाल काढला तर वर्षभर लक्ष राहते आणि खिशाला चाटही बसत नाही. वर्षात दुसऱ्यांदा हवा असेल तर कमाल १०० रुपये शुल्क घेता येते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मोफत अहवालाचा दुवा ठळकपणे दिसलाच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बजावले. तरीही सशुल्क वार्षिक योजनांची बटणे समोर येतातच. घाईत ते बटण दाबण्याआधी मोफत पर्याय शोधावा.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी अनेक जण वर्षानुवर्षे अहवाल उघडतच नाहीत. कर्जाच्या अर्जावरून बँकेने केलेली चौकशी मात्र नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत अशा पाच-सहा चौकश्या झाल्या तर त्याचा परिणाम होतो. स्वस्त व्याजाच्या शोधात एकाच आठवड्यात सहा ॲपवर अर्ज टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

अहवाल हाती आल्यावर काय पाहायचे?

मोबाइलच्या पडद्यावर अहवाल उघडला की सर्वात आधी तो मोठा रंगीत आकडा डोळ्यांत भरतो. तो बाजूला ठेवून पहिले पान वाचावे. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, मोबाइल क्रमांक, ईमेल. अनोळखी पत्ता किंवा क्रमांक दिसला तर दुसऱ्याची माहिती मिसळली असण्याची किंवा कोणी कागदपत्रे वापरून कर्ज काढल्याची शक्यता असते.

मोबाइल क्रमांक बरोबर असण्याला आणखी एक कारण आहे. एखाद्या संस्थेने अहवाल पाहिला, तर पतमाहिती कंपनीने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा आहे. हप्ता थकल्याची माहिती या कंपन्यांना पाठवताना कर्ज देणाऱ्या संस्थेनेही ग्राहकाला कळवायचे आहे. पण नोंदीत दहा वर्षांपूर्वीचा, आता बंद पडलेला क्रमांक असेल तर हे इशारे कोणाच्या फोनवर जाणार?

त्यानंतर खात्यांची यादी. प्रत्येक खात्यापुढे महिन्यांचे छोटे चौकोन असतात. तीन वर्षांचे, म्हणजे ३६. चौकोनात ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ असेल तर त्या महिन्यात सगळे सुरळीत. ‘०३०’ असेल तर हप्ता ३० दिवस लांबला. ९० दिवसांच्या पुढे गेले की खाते सर्वसाधारणपणे अनुत्पादित ठरते. तीन फुल्या म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही. ज्या महिन्यात उशीर दिसतो, त्या महिन्याचे बँक खात्याचे उतारे काढून ताडून पाहावे, कारण पुढे पुरावा म्हणून तेच लागणार.

शेवटी चौकश्यांची यादी. ज्या वित्तसंस्थेचे नावही कधी ऐकलेले नाही तिने आपला अहवाल पाहिला असेल, तर आपल्या नावाने कोणीतरी अर्ज केला आहे असे समजावे. कर्ज मंजूर होण्याआधी मिळणारा हा कदाचित एकमेव इशारा असतो.

‘सेटल्ड’ हा शब्द एवढा महाग का?

अहवालात बंद झालेले कर्ज ‘क्लोज्ड’ असे दिसायला हवे. त्याऐवजी ‘सेटल्ड’ दिसत असेल तर त्याचा अर्थ असा की ठरलेली पूर्ण रक्कम मिळाली नाही, बँकेने कमी पैशांत तडजोड केली. एकरकमी परतफेड योजनेत वसुली अधिकारी ‘एवढे भरा, विषय संपला’ असे सांगतो. कर्जदाराच्या दृष्टीने विषय संपतो, अहवालात तो सुरू होतो. पुढचा कर्जदाता हा शब्द वाचून हात आखडता घेतो.

त्याहून जड शेरा ‘रिटन ऑफ’, म्हणजे निर्लेखित. बँकेने आपल्या ताळेबंदातून कर्ज वजा केले, पण कर्जदाराची देणी त्याने माफ होत नाहीत. दोन्ही शेरे खरे असतील तर ते ‘चूक’ या सदरात येत नाहीत. उरलेली रक्कम बँकेशी बोलून भरणे, नवा बेबाकी दाखला घेणे आणि त्या आधारे शेरा बदलण्याची मागणी करणे, हा मार्ग उरतो. तडजोडीच्या पत्रावर सही करण्याआधीच ‘अहवालात खाते कसे दिसेल’ हे लेखी विचारून घेणे यापेक्षा बरेच सोपे आहे.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत ग्राहकाची बाजू थोडी भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कार्ड सुरूच केले नसेल तर त्याची माहिती पतमाहिती कंपनीला पाठवता येत नाही आणि देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय थकबाकी नोंदवता येत नाही. फोनवरून गळ्यात मारलेल्या आणि कधीच न वापरलेल्या कार्डाच्या वार्षिक शुल्कापायी अहवालावर डाग पडला असेल, तर तक्रारीत या निर्देशांचा उल्लेख जरूर करावा.

तक्रार बँकेकडे करायची की पतमाहिती कंपनीकडे?

दोन्हीकडे. पतमाहिती कंपनीला स्वतःच्या अखत्यारीत नोंद बदलता येत नाही. ज्या संस्थेने माहिती पाठवली तिने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्यावरच ती बदलते, अशी २००५ च्या कायद्यातच तरतूद आहे. बँक मात्र अनेकदा ‘हे सिबिलचे काम आहे, आमचे नाही’ म्हणून ग्राहकाला वाटेला लावते. सिबिल पुन्हा बँकेकडे बोट दाखवते. या टोलवाटोलवीत सहा महिने सहज जातात.

त्यावर उपाय असा : ज्या कंपनीच्या अहवालात चूक दिसली तिच्या संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार नोंदवायची आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण कक्षाला ईमेल करायचा. ईमेलमध्ये अहवालावरचा नियंत्रण क्रमांक, कर्ज खात्याचा क्रमांक, चुकीची नोंद आणि योग्य नोंद नेमक्या शब्दांत लिहायची. सोबत बेबाकी दाखला, कर्ज खात्याचा अंतिम उतारा आणि पैसे भरल्याच्या पावत्या जोडायच्या. शाखेत तोंडी सांगितलेली आणि व्यवस्थापकाने ‘करून टाकतो’ म्हटलेली तक्रार नियमांच्या दृष्टीने तक्रारच नसते. तक्रार क्रमांक आणि तारीख या दोन गोष्टी हाती असल्याशिवाय पुढचे कोणतेही गणित सुरू होत नाही.

३० दिवसांचे गणित काय?

तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या ३० दिवसांची वाटणी केली. कर्ज देणाऱ्या संस्थेने कळवल्यापासून २१ दिवसांत दुरुस्त माहिती पतमाहिती कंपनीला पाठवायची. कंपनीने उरलेल्या दिवसांत ती नोंदवायची. ३० दिवस उलटले की प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. २१ दिवसांची मुदत बँकेने मोडली तर भरपाई बँक देणार. बँकेने वेळेत पाठवूनही कंपनीने विलंब केला तर कंपनी देणार. तक्रार निकाली निघाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम खात्यात जमा झाली पाहिजे. ही व्यवस्था २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

तक्रार अर्जात बँक खात्याचा तपशील किंवा यूपीआय आयडी देण्याची सोय ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तो रकाना अनेक जण रिकामा सोडतात. तक्रार फेटाळली तरी कारण लेखी कळवावे लागते. ‘बँकेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले, तर बँकेने कोणत्या नोंदीच्या आधारे तसे कळवले, असा पुढचा प्रश्न लगेच विचारावा.

नोंदी अद्ययावत होण्याचा वेगही वाढला आहे. पूर्वी बँका महिन्यातून एकदा माहिती पाठवत. जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला पाठवणे सक्तीचे झाले आणि पुढे हा काळ आठवड्यावर आणण्याचा निर्णयही रिझर्व्ह बँकेने घेतला आहे. याचा फायदा दुरुस्ती लवकर दिसण्यात आहे. पण चुकीची नोंदही तितक्याच लवकर चार ठिकाणी पोहोचते.

शंभर रुपयांचा धाक कोणाला?

या व्यवस्थेची खरी कमजोरी इथे आहे. कर्ज फिटल्यानंतर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न केल्यास बँकेला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. क्रेडिट कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत न पाळल्यास दिवसाला ५०० रुपये. पत अहवालातील चुकीसाठी मात्र दिवसाला १०० रुपये. तिन्ही नियम रिझर्व्ह बँकेचेच.

ग्राहकाचे नुकसान मात्र त्या प्रमाणात लहान नसते. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर गुणांकाशी जोडतात. ३० लाखांचे २० वर्षांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी मिळाले तर महिन्याचा हप्ता साधारण २६,०३५ रुपये होतो. चुकीच्या नोंदीमुळे दर सव्वानऊ टक्के लागला तर तो २७,४७५ च्या घरात जातो. महिन्याला सुमारे १,४४० रुपये. दर तोच राहिला तर वीस वर्षांत जवळपास साडेतीन लाख. दुसरीकडे, बँकेने दुरुस्तीला महिनाभर उशीर केला तर तिला द्यावे लागतात ३,००० रुपये. आणि घराचा व्यवहार बयाणा देऊन ठरलेला असेल, मुदतीत कर्ज न मिळाल्याने तो मोडला, तर त्या नुकसानीची या शंभर रुपयांत गणतीच नाही.

पतमाहिती कंपन्यांवरही कारवाई होते, पण तीही फार जड नसते. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांना मिळून एक कोटी रुपयांच्या आसपास दंड ठोठावला. काही कर्जदारांची माहिती अचूक किंवा पूर्ण नसणे हा त्यातील आक्षेप होता. एका वेळी चारही कंपन्या त्यात अडकल्या, यावरून दोष एखाद्या कंपनीपुरता नाही, हे दिसते.

बँक दाद देत नसेल तर?

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर विनामूल्य करता येते, वकिलाची गरज नसते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार केली नसेल तर लोकपाल अर्ज घेत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते.

शंभर रुपयांच्या पलीकडच्या नुकसानीचा विषयही इथेच काढता येतो. २०२१ च्या लोकपाल योजनेत प्रत्यक्ष नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापासाठी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद करण्यात आली. अर्थात नुकसान कागदावर दाखवावे लागते. कर्ज नाकारल्याचे पत्र, त्यात नमूद केलेले कारण, बयाणा बुडाल्याचा करार. कर्ज नाकारताना बँक अनेकदा तोंडीच सांगते. ते लेखी मागून घेतले नाही, तर पुढे दाखवायला काहीच उरत नाही.

कर्ज घेतलेच नसेल, तरी अहवालात दिसत असेल तर?

फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेकांना आपल्या पॅनवर एका डिजिटल कर्ज ॲपवरून परस्पर कर्ज घेतले गेल्याचे पत अहवाल पाहिल्यावरच कळले. रकमा काही हजारांच्या, पण थकबाकीचा डाग पूर्ण. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या नियमांनुसार ॲपवरून दिलेले कर्ज कितीही छोटे आणि कितीही कमी मुदतीचे असले, तरी ते पतमाहिती कंपन्यांना कळवावेच लागते. ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ म्हणत घेतलेल्या दीड हजाराच्या वस्तूचा हप्ताही म्हणूनच अहवालात उमटू शकतो.

असे कर्ज आपले नसेल तर तक्रारीचे शब्द बदलतात. ‘कर्ज फेडले आहे’ असे नव्हे, तर ‘हे खाते माझे नाही’ असे लिहायचे. १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करून तिची प्रत जोडायची. संबंधित संस्थेकडे कर्ज अर्ज, ओळख पडताळणीची कागदपत्रे आणि पैसे कोणत्या बँक खात्यात गेले त्याचा तपशील मागायचा. रक्कम भलत्याच खात्यात गेलेली असेल, तर संस्थेची बाजू तिथेच लंगडी पडते. कटकट नको म्हणून अशा कर्जाचे दोन हजार भरून टाकण्याचा मोह होतो. पण एकदा पैसे भरले की ‘कर्ज माझे नाही’ हे सांगणे कठीण होते.

शेतकऱ्यांच्या पीक कर्जाला सिबिल लागते का?

महाराष्ट्रात हा प्रश्न दर खरिपाच्या तोंडावर पेटतो. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीक कर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका, असे बँकांना पुन्हा बजावले आणि गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. ‘पुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण असा इशारा त्याआधीच्या हंगामातही दिला गेला होता. राज्य सरकार बँकांना सूचना देऊ शकते, पण बँकांवर नियंत्रण रिझर्व्ह बँकेचे. त्यामुळे मुंबईतील बैठकीत दिलेला शब्द तालुक्याच्या शाखेतील खिडकीपर्यंत पोहोचेलच असे नाही.

कर्जमाफीच्या लाभार्थ्यांनी आपला अहवाल एकदा तरी काढून पाहायला हवा. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची योजना, या दोन्हींत सरकारकडून पैसे बँकेत जमा झाल्यावर खाते निरंक व्हायला हवे होते. ते अहवालात ‘क्लोज्ड’ आहे, ‘सेटल्ड’ आहे की अजून थकीतच आहे, यावर पुढचे ट्रॅक्टर किंवा ठिबकचे कर्ज अवलंबून असते. तिथे ‘पीक कर्जाला सिबिल नको’ ही सूचनाही उपयोगी पडत नाही. कर्जमाफीच्या यादीतील नाव, बँकेचा दाखला आणि खाते उतारा एवढी कागदपत्रे तक्रारीसाठी पुरतात.

कर्ज नको असेल, तरी अहवालाची काळजी करायची?

२०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका निवड झालेल्या उमेदवाराची नियुक्ती खराब पतइतिहासामुळे रद्द करण्याचा निर्णय योग्य ठरवला. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या नोकरीत आर्थिक शिस्त पाहिली जाऊ शकते, असा त्यामागचा विचार. बँकेच्या परीक्षा देणारे हजारो मराठी तरुण शिक्षणासाठी किंवा मोबाइलसाठी कर्ज घेतात. त्यांच्यासाठी हा निकाल केवळ बातमी नाही. दुसऱ्या बाजूला, २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कमी सिबिलच्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे म्हटले होते.

ज्यांनी कधीच कर्ज घेतले नाही त्यांच्या अहवालात गुणांकाऐवजी ‘उणे एक’ दिसू शकते. तो वाईट शेरा नाही, त्याचा अर्थ एवढाच की इतिहास नाही. केवळ या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितले आहे आणि केंद्र सरकारनेही त्याच वर्षी लोकसभेत ते स्पष्ट केले.

‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणारे काय करतात?

समाजमाध्यमांवर ‘१५ दिवसांत सिबिल ७५०’ अशा जाहिरातींचे पेव फुटले आहे. पाच-दहा हजार रुपये घेऊन हे लोक जे करतात, ते बहुतांशी ग्राहक स्वतः विनामूल्य करू शकतो ती ऑनलाइन तक्रारच असते. खरी थकबाकी कोणालाही पुसता येत नाही, पतमाहिती कंपन्यांना ती माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. त्याहून धोका वेगळाच. काम सुरू करण्यासाठी हे दलाल पॅन, आधार, मोबाइलवर आलेला ओटीपी आणि कधी ईमेलचा पासवर्डही मागतात. चूक दुरुस्त करायला निघालेला माणूस अशाने नव्या फसवणुकीची कागदपत्रे स्वतःच्या हाताने देऊन मोकळा होतो.

दुरुस्ती झाल्याचा संदेश आल्यावर अहवाल पुन्हा काढावा, आणि चारही कंपन्यांचा. कर्जाचा अर्ज आधीच दिलेला असेल तर बँकेच्या फाइलमध्ये जुन्या अहवालाची प्रत लागलेली असते आणि ती आपोआप बदलत नाही. नवा अहवाल काढून प्रस्ताव पुन्हा तपासावा, असे शाखेला लेखी कळवावे लागते. हे सगळे व्हायला दीड-दोन महिने सहज लागतात. घर पाहायला निघायच्या किंवा मुलांच्या प्रवेशाची धावपळ सुरू व्हायच्या तीन महिने आधी अहवाल काढला, तर तेवढा वेळ हाताशी राहतो.